कोरडा खड्डा आणि तुटणारे नेटवर्क : लातूरच्या एका डाळमिलचे प्रकरण

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलचे हे प्रकरण माझ्याकडे आले, तेव्हा माझ्याआधी तिघांनी हात टेकलेले होते. तक्रार वरवर किरकोळ होती. मिलच्या शेडमधील चार संगणकांचा कार्यालयातील सर्व्हरशी असलेला संपर्क दिवसातून पाच-सहा वेळा काही सेकंदांसाठी तुटत असे आणि आपोआप पूर्ववत होत असे. घरी मोबाइल पाहणाऱ्याला एवढा खंड जाणवणारही नाही. पण टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सर्व्हरवरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून अनेक जण एकाच वेळी नोंदी करत असतील, तर नोंद अर्धी लिहून झालेली असताना तुटलेला संपर्क महागात पडतो. गोदामातल्या मुलाने आवक टाकावी, पडद्यावर त्रुटीची चौकट यावी आणि नोंद गेली की राहिली हे विचारायला त्याने भर उन्हात वाळवणाचे पटांगण ओलांडून मुनीमजींकडे यावे, असे रोज चालले होते. दोनदा तर डेटा दुरुस्त करूनही भागले नाही. आदल्या रात्रीची प्रत परत ठेवून दिवसभराच्या काटापट्ट्या पुन्हा हाताने चढवाव्या लागल्या. यात हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. लिहिता लिहिता हातातून वही ओढून घेतली तर ओळ वाकडी जाणारच.

मिलची मांडणी आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या मांडणीतच दडलेले होते. फाटकाजवळ वजनकाटा आणि त्याला लागून जुने कार्यालय. त्यामागे तूर वाळत घालण्याचे मोठे पटांगण. आणि पटांगणापलीकडे, केबलच्या मापाने ८५ मीटरवर, मिलची शेड. कार्यालय आधी बांधले गेले असल्याने त्याची सिंगल फेज वीजजोडणी वेगळी आणि अर्थिंगही (गळणारी वीज जमिनीत उतरवण्याची सोय) वेगळे होते. शेडची थ्री फेज जोडणी नंतरची, तिचे अर्थिंगचे खड्डे शेडमागे. कार्यालयात सात संगणक, एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या दोन डिस्कचा एक टॉवर सर्व्हर, तीन केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि सोळा पोर्टचा नेटवर्क स्विच, म्हणजे संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी. शेडमध्ये चार संगणक आणि आठ पोर्टचा स्विच. या दोन स्विचना जोडणारी केबल कॅट-६ होती, धातूच्या आवरणाची होती, आणि तिची दोन्ही टोके धातूच्या जोडण्यांमधून त्या त्या बाजूच्या लोखंडी रॅकला, म्हणजे पर्यायाने त्या त्या बाजूच्या अर्थिंगला भिडलेली होती. तांब्याच्या इथरनेट केबलची १०० मीटरची मर्यादा पाळलेली होती आणि केबल लोखंडी पाइपातून नीट नेलेली होती. ज्याने ती टाकली त्याने काम मन लावून केले होते; साध्या केबलपेक्षा आवरणाची केबल महाग, म्हणजे ती चांगलीच असणार, एवढाच त्याचा हिशोब.

आधीच्या तिघांनी काय केले हेही नोंदवण्यासारखे आहे. पहिल्या उन्हाळ्यात कार्यालयातला स्विच बदलला गेला. फरक पडला नाही म्हणून शेडमधला बदलला, मग सर्व्हरचे नेटवर्क कार्ड बदलले, मग व्हायरसचा संशय घेऊन चारही संगणकांवर विंडोज नव्याने टाकले. शेवटी कार्यालयातला स्विच आणखी एकदा, या खेपेला भारी कंपनीचा, आणला गेला. तो बसवला जूनच्या पहिल्या आठवड्यात. मृगाचा पाऊस पडला, संपर्क तुटणे थांबले आणि सगळे श्रेय त्या स्विचला मिळाले. पुढे जूनअखेर विजा कडाडल्या, त्या रात्री त्याच स्विचची पाच पोर्ट जळाली. तिथे वीज पडल्याचे कारण उघडच होते, त्यामुळे कोणी आणखी खोलात गेले नाही. दसरा, दिवाळी निर्विघ्न पार पडली. जानेवारीत नवी तूर बाजारात आली, मिल दिवसरात्र चालू लागली, तरीही नेटवर्क ठणठणीत राहिले. आणि मार्च उजाडताच दुखणे परत आले.

नोंदवही आणि कॅलेंडर

मी पहिले तीन आठवडे काहीही बदलले नाही. शेठजींना ते आवडले नाही, आणि त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. बोलावलेल्या माणसाने काही तरी उघडावे, काही तरी बसवावे अशी अपेक्षा असतेच. मी शेडमधल्या एका संगणकावरून सर्व्हरला दर सेकंदाला हाक मारणारी आणि उत्तर न आल्यास वेळ टिपून ठेवणारी छोटी आज्ञा लावून ठेवली, सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमधल्या नोंदी तिच्याशी ताडल्या आणि मिलच्या फोरमनला एकच विनंती केली : कोणते मशीन किती वाजता सुरू आणि बंद केले, ते वहीत लिहा.

तीन आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर वेळेचे कोडे सुटले. संपर्क तुटण्याची एकही वेळ अशी नव्हती की जेव्हा पॉलिशरच्या आणि पंख्याच्या मोटरींवरचे ड्राइव्ह बंद होते. हे ड्राइव्ह, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रे, विजेची बचत व्हावी म्हणून पहिल्या तक्रारीच्या काही महिने आधीच बसवलेले होते. ते मोटरीला वीज देताना ती अतिशय वेगाने तोडत-जोडत असतात आणि त्यातून उच्च वारंवारतेचा गोंगाट मोटरीच्या सांगाड्यातून अर्थिंगच्या तारेत उतरत असतो. पण एवढ्याने प्रकरण मिटत नव्हते. ड्राइव्ह जानेवारीतही चालू होते, तेव्हा तर सर्वांत जास्त. मग जानेवारीत नेटवर्क का तुटले नाही? वेळ मशीनमुळे ठरत होती हे कळले, महिना कशामुळे ठरत होता हे कळले नव्हते.

त्याचा धागा मुनीमजींनी सहज बोलता बोलता दिला. ते कार्यालयात चपला काढून बसतात. ते म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात त्या सर्व्हरच्या डब्याला हात लावला की मुंग्या येतात. म्हणून मी तिकडं जातच नाही." हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

मल्टिमीटर घेऊन मी कार्यालयातल्या एका भिंतीवरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ यांच्यातला विद्युतदाब मोजला. संगणकीय उपकरणांसाठी हा आकडा साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत असावा, असा संकेत आहे. सकाळी मिल सुरू होण्यापूर्वी तो सहा होता. दुपारी, ड्राइव्ह चालू असताना, अकरा ते चौदा यांमध्ये नाचत होता. त्यानंतर गळतीचा प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मी नेटवर्क केबलभोवती लावला. नेटवर्क केबलमधल्या प्रत्येक जोडीत जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतो, त्यामुळे अख्ख्या केबलभोवती लावलेल्या क्लॅम्पवर आकडा शून्याच्या जवळ दिसायला हवा. तिथे ४० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह दिसला. तो डेटाचा असणे शक्य नव्हते. तो आवरणातून वाहत होता.

खड्डा

कार्यालयाच्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. भिंतीवरून उतरलेली लोखंडी पट्टी रंगवलेल्या पायथ्याशी जमिनीत शिरत होती आणि तिथून पुढे काही वर्षांपूर्वी घातलेले पेव्हर ब्लॉक सुरू होत होते. वायरमन नवा होता. अखेरीस कार्यालय बांधताना माती उपसायला असलेले एक वयस्कर हमालमामा सापडले, त्यांनी फाटकाच्या खांबापासून पावले मोजली, एका जागी पायाने ठोकून दाखवले आणि म्हणाले, "इथं मीठ-कोळसा टाकलेला हाय बघा."

आठ-दहा ब्लॉक काढून आम्ही तिथे खणले. वरचा चार-साडेचार फुटांचा थर काळ्या मातीचा, त्याखाली मुरूम. काळी माती ओली असते तेव्हा विजेला उत्तम वाट देते, पण वाळली की आक्रसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढी भेग पडते, तीच गोष्ट जमिनीखाली पुरलेल्या अर्थिंगच्या प्लेटभोवती घडते. पूर्वी या खड्ड्याच्या तोंडाशी नरसाळे होते आणि त्यातून पाणी घालण्याची सोय होती. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यांनी नरसाळे काढून जागा सपाट केली. मिठाने आपले काम दोन्ही अंगांनी केले होते : सुरुवातीची काही वर्षे मातीचा विद्युतरोध कमी ठेवला आणि त्याच काळात लोखंडी पट्टी खाऊन टाकली. पट्टी प्लेटला जिथे बोल्टने जोडलेली होती तिथे बोल्टच उरला नव्हता. पट्टीचे टोक आणि प्लेट यांच्यात दोन-तीन इंच मातीच होती. पावसाळ्यात ती माती ओली असताना कसेबसे अर्थिंग होत असे; दिवाळीपर्यंत, कधी जानेवारीपर्यंत ओल टिकत असे; आणि फाल्गुनात माती तडकली की कार्यालयाला अर्थिंग उरतच नसे. अर्थ टेस्टरने मोजले तेव्हा हजार ओहमच्या पट्टीवरही काटा टोकाला गेला. छोट्या कार्यालयाचे अर्थिंग पाच ओहमच्या आत असावे, असा आमच्या कामात साधारण आग्रह असतो.

खड्डा सापडल्यावर तो लगेच दुरुस्त करून टाकण्याचा मोह मी टाळला, कारण कारण सापडले असे वाटणे आणि ते सिद्ध होणे यांत अंतर असते, आणि जूनमधल्या त्या स्विचचे उदाहरण समोर होते. आम्ही तीन प्रयोग केले. पहिल्यात आवरणाची केबल दोन्ही टोकांना काढून ठेवली आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे विजेचे संदेश प्रकाशात बदलणाऱ्या पेट्या, लावून पटांगणाच्या कडेने तात्पुरती फायबर, म्हणजे वीज न वाहणारी काचेच्या धाग्यांची केबल, टाकली. दोन दिवसांत संपर्क एकदाही तुटला नाही. मात्र त्याच वेळी भिंतीवरच्या सॉकेटमधला न्यूट्रल-अर्थ दाब ४६ व्होल्टवर गेला आणि सर्व्हरच्या पेटीला लागलेला माझाच हात झटकन मागे आला. दुसऱ्यात फायबर काढून जुनी केबल परत जोडली. मुंग्या कमी झाल्या, आणि तासाभरात संपर्क पुन्हा तुटू लागला. तिसऱ्यात केबल तशीच ठेवून, उघड्या खड्ड्यात माती परत लोटून, त्यावर दोन टिपाडे पाणी ओतले. मुनीमजी दारात उभे राहून पाहत होते. "कम्प्युटरला पाणी पाजायलेत का आता?" असे त्यांनी विचारले, आणि विनोदाचा भाग सोडला तर वर्णन अचूक होते. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह पूर्णवेळ चालू असताना संपर्क फक्त एकदा तुटला.

यातून जे चित्र उभे राहिले ते असे. प्रत्येक संगणकाच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमधून थोडा प्रवाह नेहमीच अर्थिंगमध्ये गळत असतो. तो मिलिअँपिअरच्या मापाचा असतो आणि त्यात बिघाड काहीच नसतो. कार्यालयाचा खड्डा कोरडा पडल्यावर या गळतीला जमिनीत उतरायला वाट उरली नाही आणि तिने नेटवर्क केबलच्या आवरणातून शेडच्या अर्थिंगची वाट धरली. थोडक्यात, सात संगणक आणि सर्व्हर असलेल्या कार्यालयाचे अर्थिंग उन्हाळाभर एका नेटवर्क केबलवर चालले होते. उलट बाजूने ड्राइव्हचा गोंगाट त्याच आवरणातून कार्यालयात येत होता. पूर्वी तो रॅकपाशीच खड्ड्यात उतरून जात असे; आता तो स्विचच्या आणि सर्व्हरच्या आतून, त्यांच्या पॉवर सप्लायमधून विजेच्या तारांकडे परतत होता, आणि जाता जाता नेटवर्कची जोडणी मोडत होता. नुसता कोरडा खड्डा असता तर मुनीमजींना मुंग्या आल्या असत्या, नेटवर्क चालले असते. नुसते ड्राइव्ह असते तर जानेवारीसारखे सगळे सुरळीत राहिले असते.

इथे साधी, आवरण नसलेली केबल असती तर ही वाट मुळात तयारच झाली नसती. नेटवर्क पोर्टच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते दोन्ही बाजूंना विद्युतदृष्ट्या अलग ठेवतात, आणि त्यांनी १,५०० व्होल्ट सोसले पाहिजेत अशी इथरनेटच्या मानकाची अट आहे. आवरणाच्या धातूने तो बांधच वळसा घालून ओलांडला होता. जून महिन्यात पोर्ट जळाली तीही याच वाटेने : जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगच्या जागांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो त्यांना जोडणाऱ्या धातूवरून धावतो.

काय केले

दोन इमारतींमध्ये कायमची फायबर टाकली. सिंगल मोड, सहा धाग्यांची, आणि मुद्दाम धातूविरहित चिलखताची. कारण बाजारात सहज मिळणाऱ्या चिलखती फायबरमध्ये पोलादी पत्रा असतो, आणि तो दोन्ही टोकांना रॅकला टेकला तर तांब्याची जागा पोलादाने घेतली एवढाच फरक पडतो. ती जाड प्लास्टिकच्या पाइपातून तीन फूट खोल नेली. सहांपैकी दोनच धागे वापरात आहेत.

अर्थिंगसाठी तांब्याचा मुलामा दिलेल्या तीन-तीन मीटरच्या दोन कांड्या एकमेकींपासून सहा मीटरवर मुरमापर्यंत उतरवल्या आणि भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइटची भर घातली. ही माती पाणी धरून ठेवते आणि धातूला खात नाही. दोन्ही खड्ड्यांना उघडणारी झाकणे बसवली. पण उन्हाळ्यात तिथे पाणी कोण घालणार, हा लातुरात पोरकट प्रश्न नाही. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला जमिनीत पाणी ओतायला सांगणे तोंडातून निघत नाही. वायरमनने कार्यालयाच्या एसीच्या गळतीचे पाणी खड्ड्यात सोडण्याचे सुचवले. कल्पना चांगली होती, पण मराठवाड्यात चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी असते की जेव्हा पाणी हवे तेव्हाच एसी जेमतेम ठिबकतो. त्यापेक्षा पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी उपयोगी पडले. ते रोज हमखास निघते, उन्हाळ्यात जास्त निघते, आणि त्यात क्षार जास्त असल्याने विजेला वाटही बरी देते. त्याची नळी दोन खड्ड्यांत विभागून सोडली. भर मे महिन्यात मोजले तेव्हा अर्थ टेस्टरने साडेतीन ओहम दाखवले.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे वीज सतत नव्याने घडवून देणारा, असल्याने सर्व्हरला अर्थिंगची बाधा होणार नाही, अशी शेठजींची समजूत होती आणि ती फार ठिकाणी आढळते. या आकाराच्या बहुतेक ऑनलाइन यूपीएसमध्ये न्यूट्रल आत येतो तसाच बाहेर जातो. दाब आणि वारंवारता सुधारते, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला फरक मात्र तसाच पुढे सरकतो. म्हणून त्याच्या पुढे दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचा न्यूट्रल नव्या अर्थिंगला जोडला. सर्ज, म्हणजे विजेचा अचानक येणारा लोंढा, रोखणारे उपकरण आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी कार्यालयाच्या मुख्य फळीवर घातला. सर्जचे उपकरण आधीही होते, पण ते आलेला लोंढा जमिनीत ढकलण्याचे काम करते, आणि ढकलायला जमीनच नव्हती.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली. वजनकाट्याच्या दर्शकातून कार्यालयातल्या संगणकाच्या सिरियल पोर्टला जाणारी तार जेमतेम दहा मीटरची आहे आणि ती नेटवर्कमध्ये मोडत नाही, म्हणून मी तिचा विचारच केला नाही. काट्याचे लोड सेल, म्हणजे वजन टिपणारे भाग, मात्र पोलादी सांगाड्याखाली, उघड्या खड्ड्यात, वेगळ्या जमिनीवर बसलेले असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातल्या वादळात स्विचला धक्का लागला नाही. काट्याचे पोर्ट जळाले आणि दोन दिवस वजने पाहून हाताने लिहावी लागली. दुरुस्ती माझ्या खर्चाने केली आणि त्या तारेत प्रकाशाने संदेश पलीकडे देणारा आयसोलेटर बसवला.

डेटाच्या प्रतींबद्दल थोडक्यात. आधी रात्रीची प्रत सर्व्हरला कायम लावून ठेवलेल्या यूएसबी डिस्कवर पडत असे आणि ती कधी कोणी उघडून पाहिली नव्हती. मी पाहिली, तेव्हा सातपैकी दोन प्रती चालेनात, कारण एखादा संगणक टॅली उघडी ठेवून गेलेला असताना त्या घेतल्या गेल्या होत्या. आता रात्री नऊला सर्व्हर सामाईक फोल्डर बंद करतो आणि शेडमधले नेटवर्क स्टोरेज स्वतः येऊन प्रत ओढून नेते. सर्व्हरला त्या स्टोरेजवर लिहिण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे उद्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरस आला तरी त्याचा हात तिथवर पोहोचत नाही. दर शनिवारी एक डिस्क शेठजींच्या घरी जाते. महिन्यातून एकदा मुनीमजी जुनी प्रत वेगळ्या संगणकावर उघडून तिची तेरीज (खात्यांच्या शिलकांची यादी) छापील तेरजेशी ताडतात. फर्म भागीदारीची असल्याने हिशोबाची रोज प्रत ठेवण्याचा कंपन्यांसाठीचा नियम तिला लागू नाही, पण जीएसटी कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतोच.

सगळ्या कामाचा खर्च आधीच्या दोन उन्हाळ्यांत बदललेल्या सामानाइतकाच आला, ही गोष्ट शेठजींनी बिल देताना दोनदा बोलून दाखवली.

वही

मुख्य फळीशेजारी खिळ्याला एक शंभर पानी वही टांगलेली आहे. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला दुपारी दोन वाजता, ड्राइव्ह चालू असताना, भिंतीवरच्या सॉकेटमधला न्यूट्रल-अर्थ दाब मोजून तो तिथे लिहायचा. यूपीएसच्या सॉकेटमध्ये मोजून उपयोग नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरपाशी जोड दिल्याने आकडा नेहमीच शून्याजवळ राहतो. मोजण्याचे काम मुनीमजींनी आपल्याकडे घेतले, मल्टिमीटर गल्ल्यात ठेवला, आणि आकड्यांखाली ते हुंडीखाली करावी तशी सही करतात.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या पंधरवड्याला त्यांचा फोन आला. महिनाभर दीडच्या पुढे न गेलेला आकडा ३.८ झाला होता. नेटवर्कची काहीच तक्रार नव्हती, मुंग्याही येत नव्हत्या. मी निघण्याच्या तयारीत असतानाच दुसरा फोन आला : आरओचा फिल्टर तुंबल्याने यंत्र आठवडाभर बंद आहे, सगळे जारचे पाणी पितात, नळी कोरडी आहे. त्यांनी दोन्ही झाकणे उघडून चार-चार बादल्या पाणी ओतले होते आणि फिल्टरवाल्याला बोलावले होते. वहीत १५ तारखेच्या ओळीखाली १७ तारखेची एक जादा ओळ आहे : दुपारी दोन, १.६, आणि शेजारी सही.